निवृत्त लष्करी गाड्यांची निगा

लोखंड कठीण असते. पण ते अमर नसते. ही गोष्ट कोकणातील मुलांना निराळी सांगावी लागत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील नांदगाव हे मुंबई-गोवा महामार्गावरचे एक गाव. येथून देवगडच्या किनाऱ्याकडे जाणारा रस्ता फुटतो. पश्चिमेचा वारा समुद्राचा दमटपणा घेऊन आत शिरतो आणि मृग लागला की पुढे चार महिने पावसाची झड थांबत नाही. अशा मुलखात दाराची कडी, विहिरीवरची कप्पी, गोठ्याचा पत्रा, फार काय, खुंटीला टांगलेली किल्लीसुद्धा तांबूस होऊ लागते. म्हणून शहाणा शेतकरी काम संपले की कोयत्या-विळ्यांवरून तेलाचा हात फिरवतो आणि मगच त्या जागेवर ठेवतो.

गंज म्हणजे तरी काय? लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली म्हणजे लोखंडाचा पृष्ठभाग प्राणवायूशी संयोग पावतो आणि तांबूस भुकटीच्या रूपाने झडू लागतो. या क्रियेत लोखंडाच्या एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे अतिसूक्ष्म असा विजेचा प्रवाह वाहत असतो. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्यामुळे समुद्रकाठी गंज झपाट्याने चढतो. अॅल्युमिनियमवर जो थर चढतो, तो खालच्या धातूला घट्ट चिकटतो व तिचे रक्षण करतो. गंजाची रीत मात्र उलटी आहे. तो फुगतो, मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, पापुद्र्यांनी सुटतो आणि आतले ताजे लोखंड हवापाण्यापुढे उघडे पाडतो. अशा रीतीने एकदा लागलेला गंज थांबविला नाही, तर तो आरपार गेल्यावाचून राहत नाही.

समुद्रकाठी बांधकाम करताना कोणता धातू टिकतो, याचा विचार आपल्या पूर्वजांनीही केला होता. मालवणजवळच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम सुरू केले. त्या वेळी पायाचे चिरे शिशाच्या रसात बसविले होते, असे सांगतात. शिशाला समुद्राचे पाणी सहजासहजी खात नाही. परंतु प्रत्येक वस्तू काही शिशाची करता येत नाही. ज्या वस्तूंना मजबुती हवी, त्या लोखंडाच्या व पोलादाच्याच कराव्या लागतात. आणि मजबुतीची गरज लष्कराच्या गाड्यांइतकी फार थोड्या वस्तूंना असते. हातभर कोयती जपावयाची तर इतकी काळजी घ्यावी लागते. मग पन्नास-साठ वर्षांपूर्वीची लष्करी मालमोटार किंवा रणगाडा जपावयाचा, तर किती खटाटोप करावा लागत असेल! हा खटाटोप कसा करतात व कशासाठी करतात, ते पाहण्यासारखे आहे.

लष्करी गाडी ही साध्या गाडीपेक्षा निराळ्या विचाराने बांधलेली असते. साध्या मोटारीला बहुधा दोनच चाकांतून ओढ मिळते. लष्करी गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या व मागच्या सर्व चाकांपर्यंत पोहोचविण्याची सोय असते. त्यामुळे चिखलात एक चाक रुतले, तरी दुसरे तिला बाहेर काढते. तिचा तळ जमिनीपासून उंच असतो, म्हणजे ओढ्यातून व दगडधोंड्यांतून ती जाऊ शकते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, रणांगणावर सुसज्ज कारखाना नसतो. म्हणून एका गाडीचा सुटा भाग त्याच जातीच्या दुसऱ्या गाडीला जसाच्या तसा बसावा, आणि तो थोड्या हत्यारांनी बदलता यावा, अशीच तिची रचना असते. हा गुण पुढे म्हातारपणी तिच्या फार उपयोगी पडतो. जी गाडी दुरुस्त होण्यासाठीच जन्मली, तिचा जीर्णोद्धार करणे शक्य असते.

अशा गाड्यांत जीपचे नाव सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास, १९४७ साली, मुंबईत परदेशाहून आलेले भाग जोडून जीप तयार करण्याचे काम सुरू झाले. पुढे आपल्या देशातील जबलपूर येथे लष्करासाठी मोठ्या गाड्या बनू लागल्या. जर्मन कंपनीच्या नमुन्यावरून तेथे तयार झालेल्या मालमोटारीला ‘शक्तिमान’ असे नाव दिले होते. याच शहरात बनणाऱ्या ‘जोंगा’ या जीपसारख्या गाडीचे नाव, कारखान्याच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरे जुळवून तयार केलेले होते. शक्तिमान व जोंगा या दोन्ही गाड्यांचे उत्पादन आता थांबले आहे. पण हिमालयातील अरुंद रस्त्यांवर आणि राजस्थानच्या वाळूत या गाड्यांनी अनेक वर्षे धान्य, दारूगोळा, पाणी व जखमी जवान वाहून नेले.

गाडी लहान असली म्हणून तिची कामगिरी लहान ठरत नाही. १९६५ सालच्या भारत-पाकिस्तान युद्धात पंजाबमधील खेमकरण भागात शत्रूचे बलाढ्य पॅटन रणगाडे चालून आले. त्या वेळी हवालदार अब्दुल हमीद यांनी उघड्या जीपवर बसविलेल्या तोफेने शत्रूचे अनेक रणगाडे निकामी केले. जीपला चिलखत नव्हते. वेग, आडोसा आणि नेम एवढेच तिचे बळ होते. १० सप्टेंबर रोजी अब्दुल हमीद यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले.

गाडीची नोकरीही माणसाच्या नोकरीप्रमाणे केव्हातरी संपते. सेवेतून कमी केलेल्या लष्करी गाड्यांचा लिलाव होतो. काही गाड्या शेतकरी, कंत्राटदार किंवा जंगलातून लाकूड वाहणारे व्यापारी घेतात. पुष्कळशा भंगाराच्या बाजारात जाऊन वितळविल्या जातात. थोड्या गाड्या छावणीच्या दाराशी किंवा चौकातील चबुतऱ्यावर स्मारक म्हणून उभ्या राहतात. त्याहून थोड्या जाणकार हौशी लोकांच्या व संग्रहालयांच्या हाती पडतात आणि पुन्हा पूर्वीसारख्या केल्या जातात.

उभी करून ठेवलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. पण त्याची कारणे उघड आहेत. गाडी चालत असली म्हणजे वंगण सर्व भागांतून फिरते व प्रत्येक भागावर त्याचा पातळ थर राहतो. गाडी उभी राहिली की वंगण निथळून तळाशी जमते आणि वरचा धातू उघडा पडतो. मग इंजिनातील दट्ट्या सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटतो व इंजिन जाम होते. टाकीतील पेट्रोल हळूहळू उडून जाते व मागे डिंकासारखा चिकट थर राहतो; तो बारीक नळ्यांची तोंडे बुजवितो. ब्रेकमधील द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो आणि आतून नळ्या गंजवितो. बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरी पुटे चढतात. एकाच जागी भार पडल्यामुळे टायर चपटे होतात. उन्हाने त्यांना तडे जातात. एवढ्यावर भागत नाही. उंदीर आसनातील काथ्या उपसून इंजिनाच्या उबेला घर करतात आणि विजेच्या तारांवरचे वेष्टन कुरतडून टाकतात.

उंदराचा उपद्रव लष्कराला आजचा नाही. १६७४ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे घोडदळ पावसाळ्याच्या तोंडाशी चिपळूणच्या भागात राहिले होते. तेथील अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण पावसाळाभर पुरेल अशा बेताने वापरावी, आगीची काळजी घ्यावी, रात्री दिवे जळत ठेवू नयेत, नाहीतर उंदीर जळती वात ओढून नेईल व गवताला आग लागून घोडी उपाशी मरतील, अशा अर्थाची ताकीद त्यांनी दिली आहे. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी उंदराने नेलेल्या वातीचाही विचार करतो, यातच लष्करी व्यवस्थेचे मर्म आहे. लढाई एखाद्या दिवसाची असते. निगा रोजची असते.

आता जीर्ण झालेली मालमोटार पुन्हा उभी कशी करतात, ते पाहू. जाणता कारागीर प्रथम पान्याला हात लावीत नाही. तो वही घेतो. गाडीच्या सांगाड्यावर व इंजिनावर कोरलेले अंक तो टिपून घेतो. त्यांवरून ती कोणत्या साली व कोणत्या कारखान्यात बनली, इंजिन मूळचेच आहे की मागाहून बसविलेले आहे, याचा उलगडा होतो. मग प्रत्येक बाजूने छायाचित्रे घेतली जातात. कोणता बोल्ट कोठला, कोणती तार कोणत्या वाटेने गेली, हे सोडताना टिपून ठेवले नाही, तर जोडताना कोडे पडते. सोडविलेले भाग निरनिराळ्या डब्यांत ठेवून त्यांवर चिठ्ठ्या लावतात. हे काम कंटाळवाणे खरे. पण त्यावाचून पुढचे पाऊल टाकणे म्हणजे अंधारात चालणे होय.

जाम झालेले इंजिन एकदम चालू करण्याचा मोह आवरावा लागतो. तसे केले, तर दट्ट्याच्या कड्या मोडतात व सिलिंडरला ओरखडे पडतात. म्हणून कारागीर सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडतो आणि काही दिवस वाट पाहतो. तेल गंजाच्या फटींतून हळूहळू झिरपते. मग इंजिनाचा दांडा हाताने जरासा पुढे, जरासा मागे असा हलवून पाहतात. बोटभर हालचाल झाली तरी ती शुभ चिन्ह समजतात. बोल्टवर घट्ट बसलेला नट निघत नसेल, तर त्याला बाहेरून शेक देतात. उष्णतेने नट प्रसरण पावतो, गंजाची पकड सुटते आणि पाना फिरू लागतो. येथे जोर कमी व युक्ती अधिक लागते. जोर करणाऱ्याच्या हाती तुटलेला बोल्ट येतो.

यानंतर गंजाशी खरे युद्ध सुरू होते. वरवरचा गंज तारेच्या ब्रशाने व काचकागदाने निघतो. मोठ्या भागांवर हवेच्या दाबाने बारीक कणांचा मारा करतात. एखाद्या ठिकाणी रंग फुगलेला दिसला, की तेथे हातोडीने हलकेच ठोकून पाहतात. पत्रा खणखणीत वाजला, तर तो शाबूत आहे असे समजावे. बद्द आवाज आला, तर तो आतून कुजलेला आहे. कुजलेला तुकडा कापून काढावा लागतो आणि त्याच जाडीचा नवा पत्रा त्याच आकारात वळवून जोडावा लागतो. वरून लांबी भरून व रंग फासून कुजलेला पत्रा झाकणे सोपे असते. परंतु दोन पावसाळ्यांत ते ढोंग उघडे पडते. स्वच्छ झालेल्या पत्र्याला उघडा ठेवून चालत नाही. दमट हवेत त्यावर एका रात्रीत पुन्हा तांबूस झाक येते. म्हणून त्याच दिवशी त्यावर गंजरोधक रंगाचा पहिला हात देतात.

इंजिन धडधडू लागले की पाहणाऱ्यांना आनंद होतो आणि गाडी केव्हा एकदा रस्त्यावर आणतो असे होऊन जाते. पण अनुभवी कारागीर इंजिनापेक्षा ब्रेकची चिंता अधिक करतो. जी गाडी सुरू होत नाही, ती कोणाला इजा करीत नाही. जी थांबत नाही, ती प्राण घेते. म्हणून ब्रेकच्या नळ्या, रबरी वाट्या व द्रव ही सर्व नवी घालतात. विजेच्या जुन्या तारा काढून त्याच जाडीच्या नव्या तारा टाकतात. अशा गाडीखाली काम करताना केवळ जॅकच्या भरवशावर कोणी राहत नाही. गाडीखाली भक्कम घोड्या लावूनच माणूस खाली शिरतो. पेट्रोलची टाकी साफ करताना जवळपास ठिणगीसुद्धा पडू देत नाहीत, कारण रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतील वाफच अधिक धोक्याची असते. हे काम मोठ्या माणसांचे व शिकलेल्या हातांचे आहे.

गाडी मूळची कोणत्या रंगाची होती, हे ओळखण्याची एक सुंदर युक्ती आहे. लष्करात गाडी एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात गेली, तर तिचा रंगही बदलला जाई. झाडीत हिरवा रंग लपतो, वाळवंटात वाळूचा. प्रत्येक वेळी नवा रंग जुन्यावरच चढे. कारागीर बारीक काचकागद पाण्यात भिजवून एका लहानशा जागी हळूहळू घासतो, तेव्हा एकाखाली एक अशी रंगांची वर्तुळे उमटतात. झाडाच्या खोडातील वलये मोजून त्याचे वय सांगतात. तशी ही वर्तुळे पाहून गाडी कोठे कोठे नांदली, याचा अंदाज बांधता येतो. कधी कधी घासता घासता एखादे पुसट चिन्ह किंवा अंक वर येतो. हजारो गाड्यांपैकी ही नेमकी कोणत्या पथकाची, हे त्यावरून कळते.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. जुन्या गाडीतील किती भाग बदलावेत? टायर, नळ्या, तारा या झिजणाऱ्याच वस्तू. त्या बदलल्यावाचून गत्यंतर नसते. पण बंदुकीच्या गोळीने पडलेले भोक बुजवावे काय? तोफगोळ्याने पोचलेला पत्रा सरळ करावा काय? गाडी नव्यासारखी झळकावी असे एकाला वाटते. दुसरा म्हणतो, की तिच्या अंगावरचे व्रण हाच तिचा इतिहास होय. ते बुजविले तर उरले काय? जाणते लोक यातून मध्यम मार्ग काढतात. गंज हा काळाचा रोग आहे, त्यावर उपचार करावा. व्रण ही युद्धाची साक्ष आहे, ती पुसू नये. जे नवे घातले, ते वहीत लिहून ठेवावे. म्हणजे पुढच्या पिढीची फसगत होत नाही.

अशी साक्ष जपणारे एक मोठे स्थान महाराष्ट्रातच आहे. अहिल्यानगर शहर पूर्वी अहमदनगर या नावाने ओळखले जाई. येथे भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. १९९४ साली या केंद्राने रणगाड्यांचे एक संग्रहालय उघडले. निरनिराळ्या देशांचे व निरनिराळ्या काळांतील सुमारे पन्नास रणगाडे व चिलखती गाड्या तेथे मांडलेल्या आहेत. त्यांत रोल्स-रॉईस कंपनीच्या श्रीमंती मोटारीच्या सांगाड्यावर पोलादी कवच चढवून केलेली चिलखती गाडी आहे. या जातीची पहिली गाडी १९१४ साली, पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा तयार झाली. दुसऱ्या महायुद्धातील इंग्रजी व जपानी रणगाडे तेथे आहेत. ज्या पॅटन रणगाड्यांचा १९६५ साली एवढा दरारा होता, तोही तेथे मुकाट्याने उभा आहे. कोकणापेक्षा या भागात पाऊस पुष्कळ कमी व हवा कोरडी. लोखंडाला ती मानवते. तरीही ऊन, धूळ व पाऊस यांचा मारा असतोच. तेव्हा रंगरंगोटी व देखभाल यांना सुट्टी मिळत नाही.

याच प्रशिक्षण केंद्रात एक सेंच्युरियन जातीचा रणगाडा जतन करून ठेवला आहे. त्याचे नाव ‘फामागुस्ता’. हे सायप्रस बेटावरील एका बंदराचे नाव आहे. सेंच्युरियनचे वजन सुमारे पन्नास टन. पण या रणगाड्याला जे मोल आले, ते त्याच्या वजनामुळे नव्हे. १९७१ सालच्या युद्धात तो ‘पूना हॉर्स’ या रेजिमेंटमध्ये होता आणि त्यावर सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल हे अधिकारी होते. त्यांचा जन्म पुण्याचा. रेजिमेंटमध्ये दाखल होऊन त्यांना जेमतेम सहा महिने झाले होते. १६ डिसेंबर १९७१ या दिवशी बसंतर नदीच्या परिसरात शत्रूच्या रणगाड्यांशी घनघोर लढाई झाली. अरुण यांच्या तुकडीने शत्रूचे अनेक रणगाडे उद्ध्वस्त केले. अखेरीस फामागुस्तावरही गोळा आदळला व त्याने पेट घेतला. रणगाडा सोडून बाहेर पडावे, असा निरोप वरिष्ठांकडून आला. आपली तोफ अजून चालते आहे, तेव्हा रणगाडा सोडणार नाही, असे त्यांनी कळविले. ते लढत राहिले. त्यानंतर आदळलेल्या गोळ्याने त्यांचा प्राण घेतला. त्यांचे वय त्या वेळी एकवीस वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

युद्ध संपल्यावर फामागुस्ताची दुरुस्ती करण्यात आली. वितळवून त्याचे पोलाद दुसऱ्या कामाला लावता आले असते; हिशेबाच्या वहीत ते कदाचित अधिक फायद्याचेही ठरले असते. पण अरुण यांनी जो रणगाडा सोडला नाही, तो सैन्यानेही सोडला नाही. चिलखती दलात नव्याने येणारे तरुण ज्या केंद्रात शिक्षण घेतात, तेथेच तो आज आहे. शौर्याची गोष्ट पुस्तकातही वाचता येते. परंतु त्या रणगाड्यासमोर उभे राहिले, त्याची उंची व तोफेची लांबी डोळ्यांनी मोजली, आत किती अरुंद जागेत माणसे बसतात हे पाहिले, म्हणजे त्या गोष्टीचा अर्थ निराळा कळतो.

‘पूना हॉर्स’ या नावातील घोडा हाही विचार करण्याजोगा आहे. ही रेजिमेंट १८१७ साली पुणे भागात घोडदळ म्हणून उभी राहिली. पुढे घोडे गेले आणि रणगाडे आले. नाव मात्र तेच राहिले. घोडदळाची एक जुनी शिस्त अशी, की मजल संपली म्हणजे स्वाराने आधी घोड्याचे खोगीर उतरवावे, त्याला खरारा करावा, पाणी व चारा द्यावा. मग स्वतःच्या जेवणाकडे पाहावे. रणगाड्याला चारा लागत नाही. पण तेल, पाणी, वंगण व साफसफाई लागते. मोहिमेवरून परतलेले जवान आधी गाडीची पाहणी करतात, यात त्या जुन्या शिस्तीचाच अंश आहे. मोठ्या बिघाडासाठी सैन्याचे स्वतंत्र दल आहे. १५ ऑक्टोबर हा त्या दलाचा स्थापनादिन. १९४३ साली त्याची उभारणी झाली. लढाईत निकामी झालेले रणगाडे ओढून आणणे व ते पुन्हा लढण्याजोगे करणे हे त्या दलातील कारागीर जवानांचे काम. पुण्याजवळ खडकी येथे त्याची मोठी कर्मशाळा आहे.

सर्वच लष्करी वस्तूंच्या नशिबी फामागुस्ताचे भाग्य येत नाही. आपल्या नौदलाची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ ही १९६१ साली सेवेत आली. १९७१ च्या युद्धात तिच्या एका बाष्पकात दोष होता, त्यामुळे तिला पूर्ण वेगाने जाता येत नव्हते. तरीही तिच्यावरून उडालेल्या विमानांनी बंगालच्या उपसागरात शत्रूच्या बंदरांवर हल्ले चढविले. १९९७ साली ती निवृत्त झाली. पुढे मुंबईच्या बंदरात ती संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि हजारो मुलांनी तिच्या विस्तीर्ण डेकवर पाय ठेवला. परंतु खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या एवढ्या मोठ्या नौकेची दुरुस्ती म्हणजे हत्ती पोसण्यासारखेच काम. तळ कमकुवत होत गेला. लागणारा खर्च उभा राहिला नाही. २०१२ साली संग्रहालय बंद झाले आणि २०१४ साली ती भंगारात विकली गेली. तिच्या पोलादाचा काही अंश पुढे मोटारसायकली तयार करण्यासाठी वापरला गेला. २०२२ साली त्याच नावाची नवी विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली, ही आनंदाची गोष्ट खरी. पण १९७१ साली लढलेली ती नौका आता कोणालाही पाहता येणार नाही. तिला बुडविणे शत्रूला साधले नव्हते.

म्हणून जीर्णोद्धार संपला, गाडीला रंग लागला, हारतुरे झाले, म्हणजे काम संपले असे समजणे ही मोठी चूक होय. खरे काम त्यानंतर सुरू होते. गाडी शक्यतो छपराखाली ठेवावी लागते. पण कोंदट जागा चालत नाही, वारा खेळता हवा. ताडपत्रीने घट्ट गुंडाळलेल्या गाडीला आतल्या आत घाम फुटतो व ती झाकलेली असूनही गंजते. पंधरा दिवसांनी, महिन्याने इंजिन सुरू करून ते चांगले तापेपर्यंत चालवावे लागते, म्हणजे आतील ओलावा उडून जातो. गाडी थोडी पुढेमागे हलविली, तर टायरवर एकाच जागी भार राहत नाही. बॅटरी वेळोवेळी भारित करावी लागते. तळाशी पाणी निघून जाण्यासाठी जी छिद्रे असतात, ती पालापाचोळ्याने बुजतात. ती मोकळी ठेवावी लागतात. किनाऱ्यालगत गाडी नेली असेल, तर परत आल्यावर तिचा तळ गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढून टाकावे लागते. यांपैकी एकही काम अवघड नाही. अवघड आहे ते हे सर्व न चुकता करीत राहणे.

गाडी जपणारा माणूस बहुधा प्रसिद्धीस येत नाही. लढाईच्या वर्णनात तेल घालणाऱ्याचे, नट आवळणाऱ्याचे, रंगाचा हात देणाऱ्याचे नाव सहसा येत नाही. पण ऐन वेळी तोफ चालली, याचा अर्थ त्याआधी कित्येक दिवस कोणीतरी ती पुसून, वंगण घालून सज्ज ठेवली होती असा असतो. युद्धानंतर पन्नास वर्षांनी तो रणगाडा मुलांना पाहावयास मिळतो, याचाही अर्थ तोच.

नांदगावच्या शाळेतील मुलांजवळ रणगाडा नाही, आणि तो असण्याची गरजही नाही. घरची सायकल आहे, वडिलांचा कोयता आहे, आजोबांची जुनी पेटी आहे, विहिरीवर पंप आहे. पावसाळा संपला की सायकलची साखळी पुसून तिला तेलाचे चार थेंब द्यावेत. रंग उडालेल्या जागी गंज धरण्यापूर्वीच रंगाचा हात द्यावा. पेटीवर कोरलेले आजोबांचे नाव घासून जाऊ देऊ नये. ज्या हातांना ही सवय लागली, त्यांच्या स्वाधीन उद्या देशाचा इतिहास केला, तरी तो गंजणार नाही.